‘शेवटी खेळच आहे’ हा बचाव पुरेसा नाही

मुलांच्या हातातला मोबाइल काढून घ्यावा आणि त्याजागी पट, फासे आणि पत्ते द्यावेत, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. वाद सुरू होतो तो कोणता पट द्यावा यावरून. बुद्धिबळ, कॅरम, सापशिडी यांना कोणाची हरकत नसते. परंतु ज्या खेळांत भिडूंनी एकमेकांशी सौदे करायचे असतात, आश्वासने द्यायची असतात, युती जुळवायची आणि प्रसंगी मोडायचीही असते, ते खेळ शाळेत, सार्वजनिक वाचनालयात किंवा सोसायटीच्या सुट्टीतल्या शिबिरात आणायचे म्हटले की पालकांत आणि शिक्षकांत दोन तट पडतात. हे खेळ लोभ आणि खोटेपणा शिकवतात, असे एका तटाचे म्हणणे असते. दुसरा तट हात झटकून म्हणतो, ‘शेवटी खेळच आहे, एवढे मनावर काय घ्यायचे?’ माझे मत पहिल्या तटाच्या विरुद्ध आहे. पण दुसऱ्या तटाचा युक्तिवाद मला जास्त नुकसानकारक वाटतो, कारण खेळात जे घडते त्याला काहीच वजन नसेल तर तो खेळ मुलांपुढे ठेवण्याचे कारणही उरत नाही. सौदेबाजीच्या खेळांना शाळेत आणि घरात जागा असली पाहिजे, ती त्यांतले सौदे खरे असतात म्हणून. समोरच्याची गरज ओळखणे, आपल्या शब्दाची किंमत जाणणे आणि सरळ ‘नाही’ म्हणता येणे या गोष्टी तिथे प्रत्यक्ष कराव्या लागतात.

आरोप करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा एकच खेळ असतो, तो म्हणजे आपल्या लहानपणीचा ‘व्यापार’, भारतीय शहरांची नावे छापलेला मोनोपॉलीचा अवतार. या खेळाने लोभ शिकवला असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. मात्र त्याचा इतिहास थोडा चमत्कारिक आहे. अमेरिकेतल्या एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ साली ज्या खेळाचे पेटंट घेतले, त्याचा हेतू नेमका उलट होता. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाच्या अनुयायी असलेल्या मॅगींना जमिनीची मक्तेदारी समाजाला कशी नागवते ते दाखवायचे होते. पुढे १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने त्यांचे पेटंट ५०० डॉलरला विकत घेतले, टीका बाजूला पडली आणि मक्तेदारीचा उत्सव तेवढा शिल्लक राहिला. शिवाय घरोघरी हा खेळ ज्या पद्धतीने खेळला जातो, त्यात वाटाघाटी जवळपास नसतातच. एखाद्याने जागा विकत घेतली नाही तर तिचा लिलाव करावा, असा मोनोपॉलीचा नियम आहे. तो बहुतेक घरांत कोणाला ठाऊक नसतो. मग फासे टाकायचे, पडेल ते घ्यायचे, भाडे भरत राहायचे आणि एकेकाने दिवाळखोर होऊन उठायचे, एवढेच उरते. तीन तास चाललेल्या अशा डावाच्या शेवटी भांडण झाले तर त्याचा दोष घासाघिशीला का द्यावा? त्या डावात घासाघीस झालीच कुठे?

ज्यांत ती खरोखर होते, अशा खेळांपैकी सर्वांत परिचित ‘कॅटान’. क्लाउस टॉयबर या दंततंत्रज्ञाने रचलेला हा खेळ १९९५ साली जर्मनीत प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी तिथला ‘वर्षातील सर्वोत्तम खेळ’ हा मान त्याला मिळाला. वीट, लाकूड, लोकर, धान्य आणि खनिज या पाच जिनसांवर सारा कारभार चालतो. रस्त्याला वीट आणि लाकूड लागते. नवी वसाहत उभारायची तर त्यांच्या जोडीला लोकर आणि धान्यही लागते. वसाहतीचे शहर करायचे तर तीन खनिज आणि दोन धान्य. पाचही जिनसा पुरेशा मिळतील अशी जागा पटावर एकालाही मिळत नाही. बँकेकडे जावे तर ती एका जिनसेसाठी चार मागते. म्हणून बोलावेच लागते. माझ्याकडे लोकर पडून आहे आणि तुमच्याकडे विटा पडून आहेत. एक लोकर घेऊन एक वीट द्या, असे मी म्हणतो. हा सौदा बरोबरीचा आहे का? याचे उत्तर लोकर किंवा वीट यांत शोधून सापडत नाही. तुम्ही पुढच्या वळणावर काय बांधणार आहात, मी विजयाच्या किती जवळ आहे, तिसऱ्या भिडूकडे विटा आहेत का, हे पाहिल्याशिवाय ते ठरत नाही. आणि सौदा झाला की आम्ही दोघेही पुढे सरकतो, मागे पडतात ते त्यात नसलेले. चौघांच्या डावात जो कोणाशीच देवाणघेवाण करत नाही, तो आपले सर्व काही राखूनसुद्धा हरतो. लोभी माणूस या पटावर फार काळ टिकत नाही, हे ज्याने पाच-सहा डाव पाहिले आहेत त्याला वेगळे सांगावे लागत नाही. कारण चढा भाव मागणाऱ्याला वगळून बाकीचे तिघे आपापसांत व्यवहार करू लागतात.

इथे बुद्धिबळाचे कैवारी म्हणतात की बुद्धीच वाढवायची तर तो निर्मळ खेळ आहेच, त्यात ना नशीब ना चहाडी. खरे आहे, आणि बुद्धिबळाबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु जिथे एकाचा लाभ तो नेमका दुसऱ्याचा तोटा असतो, तिथे बोलण्यासारखे काहीच नसते. गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ साली अशा दोन भिडूंच्या खेळांचा सिद्धांत मांडला आणि त्या उत्तरात संभाषणाला जागा नव्हती, कारण गरजच नव्हती. तिसरा भिडू आला की सगळे बदलते. कोण कोणाच्या बाजूला जाईल, हा प्रश्न उभा राहतो, आणि फॉन नॉयमन व ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांनी १९४४ मध्ये लिहिलेल्या ग्रंथाचा मोठा भाग याच प्रश्नाशी झटापट करण्यात खर्ची पडला आहे. आता आपले घर, सहकारी संस्था, ग्रामपंचायत, नोकरीचे ठिकाण यांपैकी दोनच भिडूंचा पट कोणता आहे? मुलांना केवळ दोन भिडूंचे खेळ द्यायचे आणि तिघांचे जग आपोआप उमगेल अशी आशा धरायची, ही अपेक्षा मला समजत नाही.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. सौदेबाजीच्या खेळांत एक खेळ असा आहे की ज्याचे नाव काढताच जुने खेळाडूसुद्धा कोणी कोणाला कधी फसवले ते सांगू लागतात. अॅलन कॅलहॅमर यांनी हार्वर्डमध्ये असताना १९५४ साली कल्पिलेला आणि १९५९ मध्ये स्वखर्चाने छापलेला हा खेळ म्हणजे ‘डिप्लोमसी’. पहिल्या महायुद्धापूर्वीचा युरोप, सात सत्ता, ३४ मोक्याची ठाणी. १८ ठाणी मिळवील तो जिंकला. फासे नाहीत, पत्ते नाहीत. प्रत्येक फेरीआधी खेळाडू कोपऱ्यात जाऊन हवे ते बोलतात, हवी ती वचने देतात. मग प्रत्येकजण आपले हुकूम गुपचूप कागदावर लिहितो आणि सर्वांचे हुकूम एकदम उघडले जातात. दिलेला शब्द पाळलाच पाहिजे, असा कोणताही नियम नाही. याही पलीकडे जाऊन १९५० साली जॉन नॅश, लॉइड शॅप्ली, मार्टिन शुबिक आणि मेल हाउसनर या चार अभ्यासकांनी चौघांचा एक खेळ रचला, ज्यात दुसऱ्याच्या मदतीवाचून जिंकता येत नाही आणि त्याच मदतनिसाला योग्य क्षणी बुडवल्याशिवायही जिंकता येत नाही. पुढे यांपैकी दोघांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, हे नुसते गंमत म्हणून सांगतो. तेव्हा ‘विश्वासघाताला बक्षीस देणारे खेळ आहेतच कुठे’ असे म्हणून हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. ते आहेत, आणि त्यांत फसवणूक झालेल्या माणसाला वाटणारे वाईट हे खरेखुरे वाईट वाटणे असते.

पण ‘डिप्लोमसी’ नेमके काय शिकवतो, हे पाहण्यासाठी त्याची यंत्रणा पाहावी लागते. सात सत्तांपैकी सहांकडे सुरुवातीला प्रत्येकी तीनच दले असतात, रशियाकडे चार. दोन बाजूंची ताकद सारखी असेल तर कोणीच हलत नाही. समोरच्याला हटवायचे तर दुसऱ्या दलाचा पाठिंबा लागतो, आणि तो पुष्कळदा शेजाऱ्याकडूनच घ्यावा लागतो. याचा अर्थ असा की पहिल्या वळणापासून ज्याला तिसऱ्याला सांगण्याजोगी एकही खरी गोष्ट नाही, असा लबाड चौथ्या-पाचव्या वळणाला पटावरून नाहीसा होण्याच्या वाटेवर असतो. एक वचन मोडायला मिळावे म्हणून कित्येक वचने पाळावी लागतात. २०२२ मध्ये मेटा कंपनीच्या संशोधकांनी ‘सिसेरो’ नावाची संगणकप्रणाली हा खेळ माणसांशी खेळवली. आपण जी चाल करणार आहोत तिच्याशी जुळेल असेच ती बोलेल, अशा बेताने ती घडवलेली होती. ४० डावांत खेळून, एकाहून अधिक डाव खेळलेल्यांच्या यादीत ती वरच्या दहा टक्क्यांत आली. पुढे काही अभ्यासकांनी तिचे संवाद तपासून तिने प्रसंगी फसवलेही आहे असे दाखवले, तेही इथे नोंदले पाहिजे; प्रामाणिकपणाचा निर्भेळ विजय म्हणून हे उदाहरण मिरवणे बरोबर होणार नाही. तरीही सरसकट खोटे बोलणे ही या खेळातली यशाची वाट नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. याच खेळातल्या संदेशांचा अभ्यास करून २०१५ साली आणखी एक गोष्ट मांडली गेली: दगा देणारा दग्याच्या आधी एकाएकी अधिक सौजन्याने बोलू लागतो. हे ओळखायला शिकलेला मुलगा मोठेपणी फोनवरून गोड बोलणाऱ्या भामट्याला कमी बळी पडेल की जास्त?

आणि शब्द मोडण्याचा निवाडा आपण इतिहासात कसा करतो? १७८० च्या सुमारास नाना फडणवीसांनी इंग्रजांविरुद्ध हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणले. वॉरन हेस्टिंग्जने गुंटूरचा प्रदेश परत देऊन निजामाला आणि पैसा देऊन भोसल्यांना त्यातून अलगद काढले. १७८२ च्या मे महिन्यात महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह ठरला, पण नानांनी त्याला पुण्याची अखेरची मान्यता देणे लांबवले आणि डिसेंबरात हैदर वारल्यावर मगच तो पक्का झाला. आठ वर्षांनी मराठे, निजाम आणि इंग्रज हेच तिघे टिपूविरुद्ध एका बाजूला उभे होते. पुढे पाचच वर्षांत, १७९५ मध्ये, खर्ड्याच्या मैदानावर मराठ्यांनी निजामाला हरवले आणि इंग्रज तटस्थ राहून पाहत बसले. शाळेत हा इतिहास शिकवताना आपण नानांना लबाड म्हणत नाही, मुत्सद्दी म्हणतो. पुरंदरच्या १६६५ च्या तहात दिलेले २३ किल्ले शिवाजी महाराजांनी १६७० पासून परत घ्यायला सुरुवात केली, तेव्हा तह कोणत्या परिस्थितीत झाला होता आणि मधल्या काळात आग्र्यात काय घडले होते, हे पाहूनच आपण त्याचा विचार करतो. वचन कोणाला, कोणत्या दबावाखाली, कोणत्या मुदतीसाठी दिले आणि दुसऱ्या बाजूने ते पाळले का, हे प्रश्न विचारण्याची आपल्याला सवय आहे. मग हेच प्रश्न बारा वर्षांच्या मुलीने पटावर विचारले की ती बिघडते, असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो?

मात्र येथे समर्थकांनी सावध राहायला हवे, कारण याच ठिकाणी ‘शेवटी खेळच आहे’ हे वाक्य येते आणि सारा युक्तिवाद नासवते. आखाड्यात पैलवानाने प्रतिस्पर्ध्याला उचलून आपटले तर ती मारहाण ठरत नाही, कारण आखाड्यात उतरताना दोघांनी त्याला संमती दिलेली असते. हौद्याबाहेर तेच केले तर पोलीस येतात. कृत्य एकच, फरक आधीच्या संमतीचा. सौदेबाजीच्या खेळातली बहुतेक भांडणे या संमतीच्या अभावातून निघतात. एक भिडू ‘शब्द पाळायचा नसतो’ असे धरून बसलेला, दुसरा ‘शब्द म्हणजे शब्द’ असे धरून बसलेला, आणि दोघांनीही ते बोलून दाखवलेले नाही. मग ज्याला दगा बसला त्याला ‘एवढे काय मनाला लावून घेतोस, खेळच आहे’ असे सांगणे हा रडीचा डाव आहे, आणि तो खेळतो आहे दगा देणाराच. खेळ रचणाऱ्यांनी हा प्रश्न कितीतरी वेगवेगळ्या रीतींनी सोडवला आहे. ‘सायडेरियल कॉन्फ्लुअन्स’ या २०१७ च्या खेळात ठरलेला सौदा, भविष्यातल्या देण्यासकट, बंधनकारक असतो. स्टेफान डोरा यांच्या ‘इंट्रिग’ मध्ये उलट टोक आहे: लाच द्यायची, ती परत मिळत नाही, आणि घेणाऱ्याने तुमचे काम करावे असे बंधन त्याच्यावर नाही. फ्रान्सिस ट्रेशम यांच्या १९८० च्या ‘सिव्हिलायझेशन’ मध्ये तर खोटेपणाची मापे ठरवून दिली आहेत; व्यापार करताना देऊ केलेल्या पत्त्यांबद्दल काही गोष्टी खऱ्याच सांगाव्या लागतात आणि उरलेल्यांत संकटाचा पत्ता खपवता येतो. नियमपुस्तिकेत खोटे बोलण्याची मर्यादा छापलेली असणे कोणाला निर्लज्जपणाचे वाटेल. मला ते आपल्या अनेक करारपत्रांतल्या बारीक अक्षरांपेक्षा जास्त सज्जनपणाचे वाटते.

आणखी एक आक्षेप आहे, जो विरोधक क्वचितच मांडतात, पण माझ्या मते तो विश्वासघातापेक्षा गंभीर आहे. वाटाघाटीच्या खेळात बोलका माणूस जिंकतो. मोठ्या आवाजाचा, न लाजणारा, घरात किंवा कचेरीत वरच्या जागेवर असलेला माणूस पटावरही ते वजन घेऊन बसतो. साहेबाने लोकर मागितली की कनिष्ठ सहकारी ती स्वस्तात देतो. सुनेने सासऱ्यांचा सौदा नाकारायचा की नाही, हा प्रश्न पटावरचा राहत नाही. बाजाराचा इतिहासही हेच सांगतो. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता, कारण जे कागद त्यांना वाचता येत नव्हते त्यांवर त्यांचे अंगठे घेतलेले होते. भुसाराच्या आणि जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची जी पद्धत होती, तिच्यात माल कोणाचा आणि भाव काय हे खुद्द मालकालाच कित्येकदा कळत नसे. उघड लिलावाची सक्ती कायद्याने करावी लागली ती यासाठीच. सौदा दोन्ही बाजूंच्या मर्जीने झाला एवढ्यावरून तो न्याय्य ठरत नाही. विरोधकांनी इथे बोट ठेवले तर त्यांचे म्हणणे मी मान्य करीन.

तरीही यावरून खेळ नको, असा निष्कर्ष निघत नाही. रुमालाखालचा सौदा आणि पटावरचा सौदा यांत मोठा फरक आहे तो उघडेपणाचा. ‘कॅटान’ मध्ये कोणी काय मागितले आणि काय दिले हे सगळ्यांसमोर घडते. आपण दिलेली वीट वाया गेली की सार्थकी लागली, हे दहा मिनिटांत पटावर दिसते. प्रत्येकजण सारख्याच भांडवलावर सुरुवात करतो, जे खऱ्या बाजारात कधीच होत नाही. ‘भीड भिकेची बहीण’ असे आपण म्हणतो खरे, पण भीड मोडण्याची तालीम कुठे देतो? घरी मोठ्यांना नाही म्हणणे हा उद्धटपणा, शाळेत तो बेशिस्तपणा, आणि मग पंचविसाव्या वर्षी पगाराचा आकडा समोर ठेवला गेला की आपण खाली मान घालून सही करतो. पटावर ‘या भावात मी देणार नाही’ असे काकांना सांगणारी भाची उद्धट ठरत नाही, कारण तो खेळाचाच भाग आहे. लाजाळू भिडूंसाठी काही खेळांची रचनाच मदत करते. उवे रोझेनबर्ग यांच्या १९९७ च्या ‘बोनांझा’ या पत्त्यांच्या खेळात हातातल्या पत्त्यांचा क्रम बदलता येत नाही आणि पुढे आलेले बियाणे पेरावेच लागते; नको असलेला पत्ता खपवण्यासाठी गप्प बसणाऱ्यालाही तोंड उघडावे लागते, आणि कित्येकदा तो पत्ता फुकट देणे हीच सर्वांत शहाणी चाल ठरते. तरी हे उत्तर पूर्ण नाही, याची मला जाणीव आहे. साहेब आणि कनिष्ठ एकाच पटावर बसले तर रचना कितीही चांगली असो, काही सौदे पटाबाहेरच ठरलेले असतात. अशा बैठकीत हे खेळ खेळू नयेत, एवढेच मी म्हणेन. ‘संघभावना वाढवण्यासाठी’ कंपन्यांत ते खेळवले जातात, तेव्हा मला त्याची नेहमी गंमत वाटते.

जुने खेळाडू ज्यावर जास्त चिडतात, तो प्रकार म्हणजे हरत आलेल्या भिडूने जाता जाता कोणाला तरी जिंकवून देणे. आपण जिंकू शकत नाही हे दिसल्यावर तो आपल्याजवळचे सगळे एकाला देऊन टाकतो. कधी रागाने, कधी मैत्रीखातर, कधी नुसत्या कंटाळ्याने. मग बाकीच्यांची दोन तासांची मेहनत पाण्यात जाते. या खेळांत कौशल्य नसते, लागेबांधे असतात, हा आक्षेप येथूनच येतो. पण खऱ्या जगातले डाव याहून वेगळे संपतात का? १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांकडून पुण्याजवळ हरल्यावर दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबरला वसईत कंपनीशी तह केला, तैनाती फौज पत्करली आणि तिच्या खर्चासाठी सुमारे २६ लाखांचा मुलूख लावून दिला. ज्या भिडूपासून सर्वांनाच धोका होता, त्याच्या पदरात डाव टाकण्याचा हा प्रसंग. आणि त्यामागे होळकरांशी असलेले वैर किती होते, विठोजी होळकरांना आदल्याच वर्षी पुण्यात कसे मारले गेले होते, हे ठाऊक असलेल्यांना त्यात फक्त मूर्खपणा दिसणार नाही. आघाडीवर असलेल्याने मागे पडलेल्याला कोपऱ्यात किती रेटावे, हा धडा वसईतून घ्यायचा असतो आणि तो पटावरही घेता येतो. मागच्या भिडूला शेवटपर्यंत काहीतरी मिळवण्याजोगे ठेवणारा खेळाडू बहुधा अशा सूडाला बळी पडत नाही. आमच्या गटात एखाद्याने असा डाव उधळला की पहिला प्रश्न, ‘त्याला तिथवर कोणी आणले?’ असा विचारला जातो, आणि उत्तर बहुधा दुसऱ्या क्रमांकावर बसून सर्वांत मोठ्याने तक्रार करणाऱ्याकडे जाते.

ठरलेला गट वारंवार खेळू लागला की प्रश्नाचे स्वरूप बदलते. रॉबर्ट अॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकांवर भरवलेल्या स्पर्धेत, जिथे दोघांची गाठ पुन्हा पुन्हा पडत होती, अनातोल रॅपोपोर्ट यांनी धाडलेली सगळ्यांत साधी नीती जिंकली: आधी सहकार्य करायचे, मग समोरच्याने जे केले तेच करायचे. दुसऱ्या स्पर्धेत ६२ प्रवेशिका आल्या, सर्वांना पहिलीचा निकाल ठाऊक होता, तरी तीच नीती पुन्हा वरचढ ठरली. दर रविवारी भेटणाऱ्या गटात दगाबाजाची हीच गत होते. मात्र येथे एक भेद पाळला पाहिजे, आणि तो पाळला न गेल्यामुळे चांगले गट मोडतात. अमका माणूस शब्दाचा कच्चा आहे, हे लक्षात ठेवून त्याच्याशी रोखीचाच व्यवहार करणे रास्त आहे. मागच्या रविवारी त्याने मला बुडवले म्हणून या रविवारी स्वतः हरून त्याला बुडवणे रास्त नाही, कारण त्यात तिसऱ्या-चौथ्या भिडूचा काहीही दोष नसताना त्यांचा डाव मोडतो. पतीपत्नींनी एकमेकांना सवलतीच्या भावाने माल देणे हा याच दोषाचा गोड प्रकार आहे. गटाने तो हसून सोडून देऊ नये.

समर्थकांची आणखी एक अतिशयोक्ती मला मान्य नाही. मराठी मुले व्यापारात मागे पडतात, त्यांना हे खेळ द्या, म्हणजे ती उद्योजक होतील, असे उत्साहाने सांगितले जाते. भांडवल, ओळखी, जोखीम घेण्याची ऐपत, बुडाल्यावर सावरणारे घर यांतले काहीही पटावरून मिळत नाही, आणि ‘चायनाटाउन’ या खेळाच्या सहा फेऱ्यांत न्यूयॉर्कमधली दुकाने अदलाबदल करून कोणी दुकानदार होत नाही. या खेळांकडून इतके मागू नये. त्यांतून मिळते ते लहान पण नेमके असते: आपल्याकडे जे फालतू आहे ते दुसऱ्याला मोलाचे असू शकते, हे अनुभवाने कळणे. समोरच्याच्या जागी बसून पट पाहिल्याशिवाय एकही चांगला सौदा सुचत नाही, आणि दुसऱ्याच्या जागेवरून पाहण्याची इतकी सक्ती करणारा दुसरा कोणता बैठा खेळ मला तरी माहीत नाही.

तेव्हा शाळेने किंवा वाचनालयाने हे खेळ आणावेत का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे, परंतु कोणतेही खेळ कोणत्याही क्रमाने नव्हे. दहाएक वर्षांच्या मुलांना ‘बोनांझा’ पुरे, कारण त्यात देण्यातच फायदा आहे आणि डाव पाऊण तासात संपतो. ‘कॅटान’ त्यानंतर, आणि त्यातही आपल्याकडे लहान भावंडाला लिंबूटिंबू म्हणून घेण्याची जी जुनी चाल आहे ती येथे चालत नाही, कारण लिंबूटिंबूच्या हातातल्या विटा सर्वांत आधी लुटल्या जातात, त्याला मोठ्या भिडूच्या जोडीला बसवावे. ‘डिप्लोमसी’ साठी नववी-दहावीपर्यंत थांबावे, सात जण आणि पूर्ण दिवस हाताशी असावा, आणि इतिहासाच्या शिक्षकाने बसावे; डाव संपल्यावर कोणी कोणाला काय सांगितले होते ते प्रत्येकाने उघड सांगावे, हा अर्धा तास खेळाइतकाच महत्त्वाचा धरावा. डाव मांडण्याआधी शब्द बंधनकारक आहे की नाही हे फळ्यावर लिहावे. ज्याला ती अट मान्य नसेल त्याने त्या दिवशी कॅरम खेळावा, आणि त्याला कोणी भित्रा म्हणू नये.